सायंकाळी सातची गाणी

गेल्या दिवाळीच्या आधी गुलमंडीच्या दुकानाचा माळा रिकामा करताना साड्यांच्या जुन्या खोक्यांमागून एक काळा रेडिओ निघाला. त्याला वायरीने जोडलेली तळहाताहून थोडी मोठी अशी चौकोनी पाटी होती. सुट्टीत दुकानावर आलेल्या नातवाने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "दादाजी, हे काय आहे?" मी सांगितले, "उपग्रहाचा रेडिओ." त्याने वायर भिंतीत लावली, बटण दाबले. दिवा लागला, पण आवाज काही आला नाही. "बिघडला आहे," त्याने निकाल दिला.

रेडिओ बिघडलेला नव्हता. त्याला गाणी पुरवणारी कंपनी बंद पडून पंधरा-सोळा वर्षे झाली होती. माल चांगला, गिऱ्हाईक समाधानी, आणि तरीही दुकानाला कुलूप, अशी उदाहरणे आपण व्यापारी लोकांनी बाजारात पुष्कळ पाहिलेली असतात. माझ्या वडिलांना मात्र अशा कुलुपाची झळ आयुष्याच्या उत्तरार्धात दोनदा बसली, आणि त्यांपैकी एकदा किल्ली माझ्याच हातात होती. ही हकीकत लिहून काढावी असे त्या खोक्याकडे पाहताना वाटले.

आमच्या घरी जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपत असे. शेजारच्या घरांत नऊ वाजता पाटावर पाने मांडली जात, तेव्हा आमच्याकडे स्वयंपाकघर धुऊन दोन-अडीच तास झालेले असत. त्यामुळे आमची संध्याकाळ इतरांपेक्षा लांब होती. आजही आपल्यापैकी अनेक घरांत ती तशीच लांब आहे; फक्त ती भरून काढायला आता प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आहे. माझ्या लहानपणी ती जागा रेडिओची होती. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे. अमीन सायानी यांचा आवाज ऐकू आला की शेजारची मुले हातातला घास टाकून आमच्या ओसरीवर येत. आमची जेवणे आधीच झालेली असल्याने पुढची जागा आम्हाला मिळे.

सकाळीही सिलोनच. साडेसात ते आठ जुन्या चित्रपटांतील गीते, आणि शेवटचे गाणे कुंदनलाल सैगल यांचे, हा क्रम ठरलेला. सैगल संपले की बाबूजी खुंटीवरचा किल्ल्यांचा जुडगा उचलत. आमच्या घरातले घड्याळ त्या गाण्यावर लावले जाई, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

हिंदी गाणी ऐकायला श्रीलंकेकडे कान का लावायचे, हा प्रश्न मी बाबूजींना एकदा विचारला होता. त्यांचे उत्तर दुकानदाराचे होते. ते म्हणाले, "आपल्या दुकानात जो माल ठेवायचा नाही असं ठरवलं, त्याचं गिऱ्हाईक शेजारी गेलं." त्यामागची कहाणी मला पुढे समजली. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. हे गृहस्थ मराठी, शास्त्रीय संगीताचे जाणकार. चित्रपटगीते त्यांना हलकी वाटत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. त्याच वर्षाच्या शेवटी बिनाका गीतमाला सिलोनवर सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेले शक्तिशाली प्रक्षेपक तिथे होते, आणि टूथपेस्ट विकणारी कंपनी त्या तासाचे पैसे द्यायला तयार होती. भारतीय कंपन्यांचा जाहिरातीचा पैसा भारतीय गाण्यांसाठी कोलंबोला जाऊ लागला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती निघाली ती ही चूक सुधारण्यासाठी, पण तिच्यावर जाहिराती घ्यायला सरकारला आणखी दहा वर्षे लागली. १९६७ मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर येथून त्या सुरू झाल्या.

बाबूजींना या सगळ्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटे: गाणे फुकट ऐकू येते, पण फुकट लागत नाही. कुणीतरी कुठेतरी त्याचा खर्च मांडलेला असतो. सिलोनचा खर्च टूथपेस्टच्या नळीत होता, आकाशवाणीचा सरकारच्या तिजोरीत, आणि काही अंशी आपण पोस्टात जाऊन भरत असू त्या रेडिओ परवान्याच्या शुल्कात. ही फी भरायला बाबूजी मलाच पाठवीत.

२००३ मध्ये आई गेली. त्यानंतर बाबूजींना रात्री झोप लागेनाशी झाली. तोवर सिलोनचा आवाज क्षीण झाला होता आणि घरातील मोठा रेडिओ केवळ शोभेचा उरला होता. दोन वर्षांनी मी त्यांच्यासाठी हा काळा रेडिओ आणला. वर्ल्डस्पेस हे त्या सेवेचे नाव. एशियास्टार नावाचा उपग्रह मार्च २००० मध्ये अवकाशात गेला होता आणि भारतातून तो आग्नेय दिशेला येई. ती चौकोनी पाटी त्याच्याकडे तोंड करून ठेवावी लागे. मधे भिंत किंवा झाडाची फांदी आली की आवाज तुटे. आमच्या घराची आग्नेयेकडची खिडकी नेमकी स्वयंपाकघराची. त्यामुळे बाबूजींचा पलंग स्वयंपाकघराच्या दाराशी आला, आणि माझ्या पत्नीने कुरकुर न करता फळीवरची बरणी हलवून पाटीला जागा करून दिली.

त्या रेडिओवर एकेका आवडीसाठी एकेक वाहिनी होती. जुन्या हिंदी गाण्यांसाठी फरिश्ता, हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतासाठी गंधर्व, मराठीसाठी सुरभी. मधे जाहिरात नसे; त्याऐवजी वर्षाची वर्गणी भरायची. बाबूजी रात्री दोन वाजता फरिश्ता लावीत. आवाज इतका बारीक ठेवीत की आम्हाला भिंतीपलीकडे फक्त तबल्याचा ठेका जाणवे. ठेका थांबला की ते झोपले असे समजायचे.

वर्गणी भरून आलो त्या पहिल्या दिवशीच त्यांनी हिशेब मांडला होता. "आकाशात उपग्रह ठेवायचा, तिथून गाणी पाठवायची, आणि महिन्याला आपल्याकडून चहाच्या पैशाइतके घ्यायचे. याचा पडता कसा बसतो रे?" मला उत्तर देता आले नाही. खरे म्हणजे कंपनीलाही ते देता आले नाही. नोआ समारा या इथिओपियात जन्मलेल्या माणसाने १९९० मध्ये अमेरिकेत ही कंपनी काढली, ती आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांपर्यंत उपयुक्त माहिती पोहोचावी या हेतूने. एड्सच्या साथीत लोक माहितीअभावी मरत आहेत, हे त्यांना सलत होते. हेतू उदात्त होता. पण उपग्रह आधी बांधावे लागले, त्यासाठी कर्ज आधी काढावे लागले, आणि गिऱ्हाईक मात्र नंतर शोधायचे होते. गिऱ्हाईक मिळाले ते प्रामुख्याने भारतात, आणि आपला भारतीय माणूस गाण्यासाठी किती पैसे मोजतो हे मी आपणास सांगण्याची गरज नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेच्या न्यायालयात दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हा देणे दोन अब्ज डॉलरहून अधिक होते. ३१ डिसेंबर २००९ हा भारतातील सेवेचा शेवटचा दिवस ठरला.

बातमी वृत्तपत्रांत आधीच आली होती. तरीही त्या रात्री बाबूजींनी रेडिओ सुरू ठेवला. १ जानेवारीच्या सकाळी त्यांनी स्वतःच वायर गुंडाळली, पाटी जुन्या पंच्यात बांधली आणि मला म्हणाले, "माल चोख होता. भांडवल महाग पडलं." एखाद्या जुन्या पेढीच्या मालकाविषयी बोलावे तसे ते बोलले. खोक्यात ठेवताना त्यांनी सोबत वर्गणीची पावतीही ठेवली, ती तशीच निघाली.

तोवर आमच्या शहरात खाजगी एफएम केंद्रे येऊन स्थिरावली होती. त्यांच्या अर्थकारणाकडे माझे लक्ष गेले ते पुढे मी स्वतः त्यांचे गिऱ्हाईक झाल्यामुळे, आणि ते व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

खाजगी कंपन्यांना एफएमची दारे पहिल्यांदा उघडली ती १९९९ च्या धोरणाने. २००० मध्ये लिलाव झाले आणि ३ जुलै २००१ रोजी बंगळूरमध्ये रेडिओ सिटी हे पहिले खाजगी केंद्र सुरू झाले. लिलावात बोली लावायची होती ती वार्षिक परवाना शुल्काची, आणि हे शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार होते. आपण एखाद्या गाळ्याचे भाडे असे ठरवून पाहावे. पहिल्या वर्षी १०० रुपये असेल, तर दहाव्या वर्षी ते सुमारे ३५२ होते. धंदा तितक्या वेगाने वाढेल याची हमी कोण देणार? अनेक कंपन्यांनी बोली लावून केंद्रच काढले नाही, आणि ज्यांनी काढली त्या तोट्यात बुडाल्या. पुढे अमित मित्रा यांच्या समितीने उपाय सुचवला: ठरावीक भाड्याऐवजी उत्पन्नात वाटा. २००५ च्या धोरणाने तो स्वीकारला. ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के किंवा ठरलेली किमान रक्कम, यांपैकी जे अधिक असेल ते सरकारला द्यायचे. सोबत सुरुवातीची प्रवेश फी होतीच. त्यानंतर मिर्ची, रेड अशी नावे आमच्यासारख्या शहरांत ऐकू येऊ लागली.

इथे एक बारकावा आहे. हा वाटा ढोबळ उत्पन्नावर आहे, नफ्यावर नाही. वर्ष तोट्यात गेले तरी किमान रक्कम भरावीच लागते. मनोऱ्याचे भाडे, विजेचे बिल, निवेदकांचे पगार हेही थांबत नाहीत. आणि बातम्या? त्या देण्याची मनाई. आजही खाजगी केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २०११ च्या धोरणाने फार तर आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवायला परवानगी दिली. म्हणजे फळीवर ठेवायला माल एकच, गाणी. गिऱ्हाईकही एकच, जाहिरातदार. ऐकणारा हा गिऱ्हाईक नव्हेच. तो या व्यवहारातला माल आहे, जो जाहिरातदाराला दाखवून विकला जातो. हे वाक्य कडू वाटेल, पण मी स्वतः तो माल विकत घेतला आहे.

मग सगळी केंद्रे तीच तीच गाणी का लावतात, असे आपण सगळेच वैतागून विचारतो. जुनी गाणी महाग पडतात म्हणून, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने निर्णय दिला की केंद्रांनी आपल्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के रक्कम संगीत कंपन्यांना स्वामित्वशुल्क म्हणून द्यावी. पुढे दहा वर्षे तोच दर चालला. म्हणजे १९५५ चे गाणे लावा नाहीतर गेल्या शुक्रवारचे, खरेदीचा भाव सारखाच. फरक पडतो तो विक्रीच्या बाजूला. मोबाइल, मोटारसायकल, शिकवणी वर्ग, सदनिका यांचे विक्रेते विशी-तिशीतल्या माणसाच्या शोधात असतात आणि त्याला गेल्या शुक्रवारचे गाणे हवे असते. सत्तरीचा श्रोता कितीही निष्ठावान असला तरी त्याच्या कानाला बाजारात भाव नाही. त्यामुळे काही निवडक गाणी दिवसभर फिरत राहतात, आणि मराठी मुलखातील केंद्रावर मराठी गाणे पाहुण्यासारखे येऊन जाते.

या पार्श्वभूमीवर शहरातील एका केंद्रावर रोज सायंकाळी सात ते आठ जुन्या गाण्यांचा कार्यक्रम चालू होता, ही नवलाचीच गोष्ट म्हटली पाहिजे. निवेदन करणारा मुलगा इथलाच. औरंगपुरा, पैठण गेट, शहागंज ही नावे तो गाण्यांच्या मधे सहज पेरी. फरिश्ता बंद झाल्यावर बाबूजींनी हा तास शोधून काढला. लहानसा खिशातला रेडिओ कानाशी धरून ते झोपाळ्यावर बसत. जेवण झालेले, दिवा लागलेला, आणि सातची वेळ. पुन्हा एकदा आमच्या लांब संध्याकाळीला आधार मिळाला.

२०१० च्या दिवाळीपूर्वी त्या केंद्राचा प्रतिनिधी दुकानावर आला. दहा सेकंदांचा दर, दिवसाला किती वेळा, असे गणित त्याने मांडले. मी त्याला विचारले, सातच्या कार्यक्रमाचे काय घेता? तो हसला. म्हणाला, "काका, तो तास कोणी मागत नाही. तुम्ही घेतलात तर चांगल्या भावात देतो." मी तो घेतला. 'हा कार्यक्रम आपल्याला सादर करीत आहेत' या शब्दांनंतर आमच्या दुकानाचे नाव येऊ लागले. बाबूजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मुनीमजींना 'जाहिरात खर्च' या खात्याखाली रेडिओसाठी वेगळी ओळ काढायला सांगितली.

मी हा खर्च वडिलांच्या प्रेमापोटी केला, असे म्हणायला मला आवडेल. तसे नव्हते. भाव पडलेला होता आणि लग्नसराईत साड्या घेताना घरातल्या वडीलधाऱ्यांचा शब्द चालतो, असा माझा अंदाज होता. दोन वर्षे तो बराचसा बरोबर ठरला.

२०१२ चा पावसाळा मराठवाड्यावर रुसला. पुढच्या उन्हाळ्यात काय अवस्था झाली, हे इथल्या वाचकांना आठवत असेल. जालन्यात टँकर हीच नदी झाली होती. आपल्या गुलमंडीचा, मोंढ्याचा, सराफ्याचा धंदा वरकरणी शहराचा दिसतो, पण त्याचे मूळ कपाशीच्या आणि मोसंबीच्या मुळाशी आहे. बागा जळाल्या, लग्ने पुढे ढकलली गेली किंवा पाच साड्यांच्या जागी दोन साड्यांत आटोपली. उधारी वाढत गेली, वसुलीला जायची लाज वाटू लागली.

मार्च २०१३ च्या अखेरीस मी आणि मुनीमजी खर्चाची यादी घेऊन बसलो. नोकरांपैकी कोणाला कमी करायचे नाही, हे बाबूजींनी आधीच सांगून ठेवले होते. ते सांगून झाल्यावर कापण्यासारखे फार काही उरत नाही. मुनीमजींनी बोट ठेवले, "रेडिओ?" मी विचारले, "रेडिओवर ऐकून आलो, असं कुणी म्हणालं का या चार महिन्यांत?" ते म्हणाले, "नाही." मी म्हणालो, "मग बंद."

प्रतिनिधीला फोन केला तेव्हा तो वाद घालत बसला नाही. "काका, या महिन्यात तुम्ही सातवे," एवढेच म्हणाला. सात दुकानांनी एकाच महिन्यात हात आखडता घेतला होता. आमच्यापैकी प्रत्येकाला वाटत होते की आपण आपल्या घरची काटकसर करीत आहोत. केंद्राच्या वहीत मात्र ती एकाच पानावर सात ओळींची खोट होती, आणि सरकारची किमान रक्कम त्या वर्षीही तेवढीच होती. दुष्काळासाठी तिच्यात सवलत नसते.

तो तास एप्रिल, मे, जून कसाबसा चालला. जुलैत एका संध्याकाळी सात वाजता एकाएकी नव्या चित्रपटातले नाचाचे गाणे लागले. मी घरीच होतो. बाबूजींनी रेडिओ कानापासून दूर धरून पाहिला, चाक थोडे पुढे, थोडे मागे केले, पुन्हा तिथेच आणले. मग मला म्हणाले, "सातचं केंद्र हललं का रे?"

मी म्हणालो, "वेळ बदलली असेल, बाबूजी. विचारतो."

मी विचारले नाही. विचारण्यासारखे काय होते? त्यांनीही पुन्हा कधी चौकशी केली नाही. आठवडाभर ते सात वाजता झोपाळ्यावर बसत राहिले, नंतर रेडिओ झोपाळ्याऐवजी फळीवर दिसू लागला. आकाशवाणी लावून द्यावी असे मी सुचवले. ते म्हणाले, "सकाळी ऐकतो ना." सकाळी ऐकत होते हे खरे. प्रश्न संध्याकाळचा होता.

त्या काळात मी मनाची समजूत घालत असे की एका दुकानाच्या प्रायोजकत्वावर का कुठे कार्यक्रम जगतो? मोठ्या कंपन्यांचे मोठे हिशेब असतात. पुढे त्या मोठ्या हिशेबांकडेही कुतूहलाने पाहू लागलो. जुन्या गाण्यांना देशभर मानाचे स्थान देण्याचा प्रयत्न बिग एफएमने केला होता. अन्नू कपूर यांचा 'सुहाना सफर' हा कार्यक्रम त्यांचाच. अनिल अंबानी समूहाने उभे केलेले हे ५८ केंद्रांचे जाळे. मे २०१९ मध्ये रेडिओ सिटी चालवणाऱ्या म्युझिक ब्रॉडकास्टने ते १,०५० कोटी रुपयांच्या मूल्याने घ्यायचे ठरवले. मंत्रालयाच्या मंजुरीअभावी तो सौदा तडीस गेला नाही. नंतर टाळेबंदी आली. दुकानेच बंद, तर जाहिरात कोण देणार? फेब्रुवारी २०२३ मध्ये बिग एफएमच्या कंपनीवर नादारीची कारवाई सुरू झाली आणि मे २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने सफायर मीडियाची २६१ कोटींची योजना मंजूर केली. प्रक्षेपक तेच, परवाने तेच, श्रोत्यांच्या सवयीही त्याच. पाच वर्षांत भाव चौथाईवर आला. ज्यांनी आपल्या पेढीचा सौदा एका मोसमात हातचा जाऊ दिला असेल, त्यांना या दोन आकड्यांमधले दुःख समजावून सांगायला नको.

तरीही खरे सांगायचे तर त्या मोठ्या आकड्यांनी माझी सुटका केली नाही. आमच्या शहरातल्या त्या तासाचे मालक दूरच्या शहरात बसत असतील. पण तो तास चालवायचा की नाही, हे त्या वर्षी गुलमंडी, सराफा आणि निराला बाजारातील सात दुकानांनी ठरवले. त्यांपैकी एकाच दुकानाच्या मालकाच्या घरात तो तास रोज ऐकला जात होता.

बाबूजी २०१६ मध्ये गेले. पुढच्या वर्षी जुलैत जीएसटी आला, तेव्हा जुन्या वह्या लावून ठेवायचे काम निघाले. हिशेब संगणकावर गेल्यालाही बरीच वर्षे झाली होती, पण बाबूजींच्या आग्रहाखातर मुनीमजी हाताने रोजमेळ लिहीत आणि बाबूजी दुपारी दुकानावर येऊन प्रत्येक ओळीपुढे तांबड्या पेन्सिलीने बरोबरची खूण करीत. ही खूण म्हणजे ओळ वाचली, पटली. ती नसलेली ओळ आम्हाला दुसऱ्या दिवशी समजावून सांगावी लागे. मार्च २०१३ ची वही उघडली. ३० तारखेला मुनीमजींच्या अक्षरात नोंद होती: जाहिरात, रेडिओ, सायं. ७, पुढे चालू नाही. तिच्यापुढे तांबडी खूण होती. इतर खुणांसारखीच, जरा तिरपी.

म्हणजे जुलैत त्यांनी मला विचारले, तेव्हा त्यांना उत्तर ठाऊक होते.

मी मुनीमजींना बोलावून ते पान दाखवले. त्यांना आठवत होते. म्हणाले, "त्या दिवशी बाबूजींनी पेन्सिल हातात घेऊन दोन मिनिटं ठेवली. मी म्हटलं, शेठना सांगू का? तर म्हणाले, 'नको. दुकानाचा निर्णय बरोबर आहे.' आणि खूण केली."

यंदा दिवाळीच्या आधी, माळा झाडला त्याच आठवड्यात, एका केंद्राचा नवा प्रतिनिधी दरपत्रक घेऊन आला. मुलगा नम्र होता. मी त्याला विचारले, "सायंकाळी सातला काय लागतं तुमच्याकडे?" तो म्हणाला, "काका, तो तास आता बाहेरून येतो. सगळ्या शहरांना एकच कार्यक्रम." २०११ च्या धोरणाने कंपन्यांना आपल्या केंद्रांची अशी साखळी करण्याची मोकळीक दिली आहे, दहा निवेदकांच्या जागी एक पुरतो. त्यात त्या मुलाचा काही दोष नाही.

"आणि इथे बसून, इथल्या माणसाने सादर केलेला असा एखादा तास उरला आहे का?"

त्याने विचार केला. "सकाळी आहे. सायंकाळचं विचारून सांगतो."

काळा रेडिओ मी पुन्हा माळ्यावर ठेवला नाही. तो गल्ल्याशेजारी आहे, पंच्यात बांधलेल्या पाटीसह. नातू अधूनमधून त्याचे बटण दाबून दिवा लावतो. त्या मुलाचा फोन अजून आलेला नाही. मुनीमजींनी जाहिरात खर्चाच्या खात्यात एक ओळ कोरी सोडली आहे. मी सांगितले नव्हते.